बीबीसीची ‘शेरलॉक’: गच्चीवरची उडी, दोन गोळ्या आणि न सुटलेले बाकीचे गुंते (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधीच सांगते, खाली सगळं फोडलेलं आहे. मालिका बघितली नसेल तर आधी बघून या, हे कुठे पळून जात नाही. ज्यांनी बघितलीय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण रुईया नाक्यावर असो, ऑफिसच्या कँटीनमध्ये असो नाहीतर संध्याकाळच्या बोरिवली फास्टमध्ये, कोणी ही मालिका संपवून आलं की पहिले चार प्रश्न तेच असतात, आणि उत्तरं देणारे दहाजण दहा गोष्टी सांगतात. त्यातलं पडद्यावर खरंच काय दिसतं आणि लोकांनी मनाने काय जोडलंय हे वेगळं करून ठेवावं असं खूप दिवस मनात होतं.

प्र. आधी थोडक्यात सांगा, मालिका नेमकी किती आहे?

चार सीझन, प्रत्येकात तीन एपिसोड, आणि मध्ये एक स्पेशल. टोटल 13. पहिला 25 जुलै 2010 ला लागला, शेवटचा 15 जानेवारी 2017 ला. प्रत्येक जवळजवळ दीड तासाचा, म्हणजे सिनेमाच. स्टीव्हन मॉफॅट आणि मार्क गॅटिस या दोघांनी बनवली, आणि गॅटिस स्वतःच मायक्रॉफ्टचं, म्हणजे शेरलॉकच्या मोठ्या भावाचं काम करतो. बेनेडिक्ट कंबरबॅच शेरलॉक, मार्टिन फ्रीमन त्याचा मित्र डॉक्टर जॉन वॉटसन, अँड्र्यू स्कॉट त्याचा शत्रू मॉरियार्टी. बास, पुढे.

प्र. शेरलॉक गच्चीवरून पडून वाचला कसा? एकदा नीट सांगा ना.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, त्यामुळे सावकाश.

‘द रायकेनबाख फॉल’ 15 जानेवारी 2012 ला लागला. शेवटी शेरलॉक लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या गच्चीवर उभा, जॉन खाली रस्त्यावर, दोघं फोनवर. मॉरियार्टीने त्याआधी स्वतःच्या तोंडात पिस्तूल घालून गोळी झाडलेली. शेरलॉक उडी मारतो, जॉन धावतो, एक सायकलवाला त्याला धडकून पाडतो, जॉन उठून पोचतो तोवर फुटपाथवर रक्तात पडलेला शेरलॉक आणि भोवती गर्दी. जॉन मनगट धरतो, नाडी नाही. आणि शेवटच्या सीनला कबरीपासून थोड्या अंतरावर शेरलॉक जिवंत उभा! यानंतर पुढचा एपिसोड, ‘द एम्प्टी हर्स’, आला 1 जानेवारी 2014 ला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं जगभरचे लोक फक्त या एका सीनवर बसून होते.

‘एम्प्टी हर्स’मध्ये एक नाही तर तीन उत्तरं दाखवलीत. पहिलं अँडरसन या पोलिसांच्या फॉरेन्सिकवाल्याच्या डोक्यातलं: बंजी दोरी, खिडकीतून आत, हॉस्पिटलच्या शवागारात काम करणाऱ्या मॉलीला किस, मॉरियार्टीच्या शवाला शेरलॉकचा मुखवटा, आणि डेरन ब्राउन हा खरा संमोहनवाला येऊन जॉनला झोपवतो. दुसरं त्याच्या फॅन क्लबमधल्या मुलीचं, त्यात शेरलॉक आणि मॉरियार्टी मिळून एक पुतळा खाली टाकतात आणि हसत बसतात. तिसरं शेरलॉक स्वतः अँडरसनला सांगतो. तेच बहुतेक लोक खरं धरतात, मीही धरते.

तिसरं असं: शेरलॉक आणि मायक्रॉफ्टने आधीच तेरा वेगवेगळ्या शक्यता तयार ठेवलेल्या, प्रत्येकीला एक सांकेतिक नाव. जी वापरली तिचं नाव लाझरस. खाली मोठी हवेची गादी फुगवलेली. जॉन आणि ती जागा यांच्यामध्ये एक बुटकी इमारत असल्यामुळे जॉनला शेवटचा टप्पा दिसत नाही. शेरलॉक गादीवर पडतो, उतरतो, गादी हलवतात. त्याच वेळी मॉली वरच्या खिडकीतून शेरलॉकसारखं दिसणारं शव खाली टाकते, म्हणजे जॉनने लांबून पाहिलं तर फुटपाथवर काहीतरी पडलेलं दिसावं. मग सायकलवाला जॉनला पाडतो, तेवढ्या वेळात शव हलवलं जातं, शेरलॉक तिथे आडवा होतो, रक्त लावलं जातं, नाडी लागू नये म्हणून काखेत बॉल. भोवतीची गर्दी म्हणजे शेरलॉकचं बेघर माणसांचं नेटवर्क. आणि जॉनवर नेम धरून बसलेल्या माणसाला मायक्रॉफ्टच्या लोकांनी गप्प केलेलं.

प्र. पण हे तिसरं तरी खरं कशावरून? तो अँडरसनला फसवतही असेल.

बरोबर शंका आहे, आणि मालिकेनेच ती ठेवलीय. ऐकून झाल्यावर अँडरसनला जरा निराशाच वाटते, मग तो भोकं शोधायला लागतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की जगात इतकी माणसं असताना शेरलॉक हे आपल्याला का सांगेल, आणि तिथे त्याचा तोल जातो. म्हणजे लेखकांनी शिक्कामोर्तब केलेलं नाही.

तरी मी ते खरं धरते, आणि कारण अँडरसन नाही, कारण 2012 चा एपिसोड आहे. तो परत लावा आणि फक्त एवढं बघा. शेरलॉक फोनवर जॉनला परत मागे जायला लावतो, जिथे होतास तिथेच उभा राहा, हलू नकोस असं पुन्हा पुन्हा सांगतो. मरायला निघालेल्या माणसाला मित्र कुठल्या फरशीवर उभा आहे याने काय फरक पडतो? ती बुटकी इमारत फ्रेममध्ये सरळ दिसते. सायकलवाला दिसतो. बॉल तर त्याच एपिसोडमध्ये बार्ट्सच्या, म्हणजे त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शेरलॉक आपटत बसलेला असतो. आदल्या रात्री तो मॉलीकडे जाऊन मदत मागतो. आणि घरमालकीण मिसेस हडसनला गोळी लागल्याचा फोन येतो तेव्हा शेरलॉक जागचा हलत नाही, जॉन चिडून एकटाच जातो. तेव्हा शेरलॉक निर्दय वाटतो, पण त्याला ठाऊक होतं की फोन खोटा आहे आणि जॉन इथून लांब जायला हवा.

म्हणजे तिसऱ्या उत्तराचे निम्म्याहून जास्त तुकडे दोन वर्षं आधी आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेले होते. माझ्यासाठी थिअरीची कसोटी एवढीच: वस्तू आधी पडद्यावर दिसली पाहिजे आणि एका थिअरीने एकापेक्षा जास्त कोडी सुटली पाहिजेत. बंजी दोरी कुठेच दिसत नाही. बॉल दिसतो. विषय संपला.

प्र. शेरलॉकसारखं दिसणारं शव आलं कुठून?

हा तुकडा मला सगळ्यात आवडतो. त्याच एपिसोडमध्ये मॉरियार्टी राजदूताच्या दोन मुलांना पळवतो. शेरलॉक त्यांना शोधून काढतो, पण वाचलेली मुलगी शेरलॉकला बघून जोरात किंचाळते. पोलिसांना तिथूनच शेरलॉकवर संशय यायला लागतो. 2012 मध्येच कित्येक लोकांनी ओळखलं होतं की पळवणारा माणूस शेरलॉकसारखा दिसणारा असणार. 2014 मध्ये शेरलॉक हेच सांगतो: तो माणूस मारला गेला होता आणि मॉलीने त्याचं शव शोधलं. फॅन थिअरी बरोबर निघाल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण या मालिकेत नाही. आणि यात कोणी हवेत तीर मारला नव्हता, एका किंकाळीवरून माग काढला होता.

प्र. काखेत बॉल दाबून नाडी खरंच थांबते का?

मनगटाची थांबू शकते. हाताला रक्त नेणारी मोठी धमनी काखेतून जाते, तिथे कडक वस्तू धरून दंड अंगाशी घट्ट दाबला तर मनगटाला लागणारी नाडी मंद होते किंवा लागतच नाही. जादूगारांची ही जुनी युक्ती आहे. घरी करून बघत बसू नका, हात बधिर होतो.

माझ्या डॉक्टर मैत्रिणीचा आक्षेप वेगळा आहे आणि तो खरा वजनदार आहे: जॉन आर्मीचा डॉक्टर, तो मनगट कशाला बघेल, तो गळ्याची नाडी बघेल, आणि गळ्याला काखेतल्या बॉलचा काही उपयोग नाही. याला उत्तर म्हणजे सायकलवाला आणि गर्दी. जॉन डोक्यावर आपटलाय, चक्कर येतेय, लोक त्याला मागे ओढतायत, त्याला फक्त मनगट मिळतं तेही क्षणभर. सीन बघितला तर अगदी असंच घडतं. म्हणून सायकलवाला मला नुसता वेळ काढायला ठेवलेला वाटत नाही, त्याच्याशिवाय बॉल चालतच नाही.

प्र. एवढ्या उंचीवरून गादीवर पडून माणूस वाचतो?

स्टंटवाले रोज पडतात. गच्चीची उंची अंदाजे 15 मीटर धरा, म्हणजे नऊ थरांच्या दहीहंडीपेक्षाही थोडी वर. तेवढ्यावरून खाली यायला पावणेदोन सेकंद लागतात आणि जमिनीला टेकताना वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास असतो. फुटपाथवर मरण, पण नीट फुगवलेल्या मोठ्या गादीवर, पाठीवर पडला तर हवा हळूहळू बाहेर जाते आणि माणूस उठून चालायला लागतो. मला उंचीची अडचण वाटत नाही. मला वेळेची वाटते. गादी हलवायची, शव टाकायचं, परत उचलायचं, रक्त ओतायचं, हे सगळं जॉन पडून उठेपर्यंत? तालीम केली असेल तर जमेल, पण आजूबाजूच्या खिडक्यांतून एकानेही बघितलं नाही हे पचायला जड आहे. भर दिवसा, हॉस्पिटलच्या दारात. आपल्याकडे तर बघ्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला असता.

प्र. ट्रकची थिअरी काय होती?

खाली पिशव्यांनी भरलेला ट्रक उभा दिसतो आणि नंतर निघून जातो. त्यामुळे शेरलॉक ट्रकमध्ये पडला, तिथून उतरून फुटपाथवर आला, असं दोन वर्षं सगळ्यात जास्त लोक मानत होते. चांगली थिअरी होती, पुराव्यावर उभी होती. गादीने ती मारली.

प्र. मॉफॅट म्हणाला होता की एक क्लू सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. तो कुठला?

प्रसारणानंतर त्याने असं सांगितलं होतं खरं, की शेरलॉक एक गोष्ट त्याच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध करतो आणि ती कोणी पकडलेली नाही. लोकांनी अश्रू म्हटलं, फोन गच्चीवर टाकून देणं म्हटलं, मॉलीकडे जाणं म्हटलं. अश्रू मला पटत नाहीत, कारण हा माणूस पहिल्या सीझनपासून कामासाठी खोटं रडतो. फोनवाल्यांचं म्हणणं असं की त्यात मॉरियार्टीचा कबुलीजबाब रेकॉर्ड झाला असणार. छान कल्पना, पण पुढे त्याचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

माझं मत मॉलीला. शेरलॉक तिला सांगतो की आपण ठीक नाही आहोत आणि तुझी गरज आहे. दोन सीझन ज्या मुलीच्या डोळ्यांत तो धड बघतही नाही तिच्यासमोर तो पूर्ण उघडा पडतो. आणि मॉरियार्टीने मारायच्या यादीत जॉन, मिसेस हडसन, पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्राड घेतले, मॉलीला घेतलंच नाही. त्यालाही ती मोजण्यासारखी वाटली नाही. तिथेच तो हरला.

प्र. मॉरियार्टी खरंच मेला का?

मेला. तिसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचा चेहरा इंग्लंडभर स्क्रीनवर झळकतो त्यामुळे सगळे पेटले होते, नकली रक्त, रिकामी गोळी, जुळा भाऊ, काय काय निघालं. 1 जानेवारी 2016 च्या ‘द अबॉमिनेबल ब्राइड’मध्ये शेरलॉक पूर्ण व्हिक्टोरियन काळात जाऊन हाच प्रश्न सोडवतो आणि ठरवतो की माणूस मेलाय, त्याची योजना जिवंत आहे. शेवटच्या एपिसोडमध्ये कळतं की ते व्हिडिओ त्याने आधीच रेकॉर्ड करून ठेवले होते, शेरलॉकच्या बहिणीला, युरसला भेटला तेव्हा. एक बारीक गोष्ट उरतेच: गच्चीवरचं त्याचं शव कोणी उचललं आणि पोलिसांना काय सांगितलं, हे नीट दाखवलेलं नाही. मायक्रॉफ्टवर ढकलता येतं. पण ढकलावं लागतं.

प्र. पहिल्या एपिसोडमधल्या टॅक्सीवाल्याच्या कुठल्या बाटलीत विष होतं?

कोणालाच माहीत नाही, आणि हे मालिकेतलं सगळ्यात सुंदर न सुटलेलं कोडं आहे. ‘अ स्टडी इन पिंक’मध्ये तो दोन बाटल्या ठेवतो, एकात विषाची गोळी, एकात साधी, समोरच्याने निवडायची आणि उरलेली तो खाणार. चार जण त्याच्यासमोर मेलेत. शेरलॉक गोळी तोंडाशी नेतो तेवढ्यात जॉन समोरच्या इमारतीतून टॅक्सीवाल्याला गोळी घालतो. शेरलॉक मरणाऱ्याला विचारतो, मी बरोबर होतो का? उत्तर मिळत नाही, मग तो ते सोडून त्याच्या पाठीराख्याचं नाव काढून घेतो आणि आपल्याला पहिल्यांदा ‘मॉरियार्टी’ ऐकू येतं.

एक थिअरी: दोन्ही गोळ्या विषारीच, टॅक्सीवाला आपली खातच नव्हता. दुसरी: दोन्ही विषारी, पण त्याने विष पचवायची सवय केलेली. दुसरी मला अजिबात पटत नाही, सवय केल्याची एकही खूण पडद्यावर नाही. पहिलीला मात्र आधार आहे. त्याच्या हातातलं पिस्तूल खोटं निघतं, लायटर असतं. म्हणजे जो माणूस धमकीच खोटी देतो त्याचा खेळ खरा असेल कशावरून?

पण मग त्याचा आजार आठवा. त्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगलीय, ती कधीही फुटू शकते, मरण त्याच्यासाठी रोजचंच आहे. अशा माणसाला फसवाफसवीत काय मजा? त्याला लोकांपेक्षा आपण हुशार आहोत हे सिद्ध करायचंय, आणि खोट्या खेळाने ते होत नाही. माझं मन इकडे झुकतं. विष एकाच गोळीत होतं, तो ती खरंच खायला तयार होता, आणि म्हणूनच तो भीतीदायक आहे. कॉनन डॉयलच्या मूळ कादंबरीतही जेफरसन होप हा खुनी अशाच गोळ्या पुढे करतो, एक विषारी एक साधी, आणि निवाडा देवावर सोडतो.

प्र. शेरलॉकला चकवणाऱ्या आयरीन अ‍ॅडलरला कराचीत वाचवलं ते खरं की शेरलॉकच्या मनातलं?

खरं. ‘अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया’ संपताना मायक्रॉफ्ट जॉनला सांगतो की तिचा शिरच्छेद झालाय, जॉन दया येऊन शेरलॉकला वेगळंच सांगतो, आणि मग शेरलॉकच्या आठवणीत आपण बघतो की तलवार धरणारा माणूस तोच होता. खूप जणांना हे स्वप्नरंजन वाटलं, आणि 2012 मध्ये तसं म्हणायला जागा होती कारण आपल्याला फक्त त्याची आठवणच दाखवलेली. पण जानेवारी 2017 च्या ‘द लाइंग डिटेक्टिव्ह’मध्ये तिच्या मेसेजचा तोच कुप्रसिद्ध उसाशाचा आवाज वाजतो आणि जॉन ओळखतो. मेलेली बाई वाढदिवसाला मेसेज करत नाही.

त्या एपिसोडमधलं खरं न सुटलेलं कोडं दुसरंच आहे. ख्रिसमसच्या रात्री शवागारात जे शव आयरीनचं म्हणून येतं, चेहरा ओळखू येत नाही, शेरलॉक शरीरावरून ओळखतो, ती बाई कोण? आयरीन नंतर एवढंच सुचवते की रेकॉर्ड ठेवणारे हाताशी असले की झालं. पण कोणीतरी बाई मेली आणि तिचा चेहरा बिघडवला गेला. कोणी तिचं नावही विचारत नाही. लेखकांनी हे इतकं सहज सोडून द्यायला नको होतं.

प्र. रेडबिअर्ड कुत्रा नव्हता हे आधीपासून ठरलेलं होतं का?

तिसऱ्या सीझनमध्ये रेडबिअर्ड म्हणजे शेरलॉकचा लहानपणचा कुत्रा असंच दाखवतात, गोळी लागल्यावर त्याच्या मनात तो धावतही येतो. चौथ्यात कळतं की तो कुत्रा नव्हताच, व्हिक्टर ट्रेव्हर नावाचा मित्र होता, युरसने त्याला विहिरीत मारलं आणि शेरलॉकच्या मनाने मित्राच्या जागी कुत्रा ठेवला. वडिलांना कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती, घरात कुत्रा कधीच नव्हता.

आधीपासून ठरलेलं होतं का ते लेखकांना माहीत. जमतं का, एवढं आपण बघू शकतो, आणि मला वाटतं जमतं. कुत्रा आपण प्रत्येक वेळी शेरलॉकच्या डोक्यातच बघितलाय. मायक्रॉफ्ट हे नाव घेतो ते नेहमी जखमेवर बोट ठेवल्यासारखं, आणि मेलेल्या कुत्र्यासाठी मोठा भाऊ इतकी वर्षं इतकं जपून बोलेल? व्हिक्टर ट्रेव्हर हे नावही मूळ गोष्टींतलं आहे, ‘ग्लोरिया स्कॉट’मध्ये तो होम्सचा कॉलेजमधला मित्र असतो.

प्र. शेवटचा एपिसोड खोटा आहे आणि खरा चौथा लपवून ठेवलाय, ही काय भानगड?

‘द फायनल प्रॉब्लेम’ लागला 15 जानेवारी 2017 ला, त्याच्या आदल्याच दिवशी रशियन डबिंगवाला एपिसोड नेटवर फुटला होता, त्यामुळे वातावरण आधीच तापलेलं. आणि एपिसोड बघून लोक हादरले. आदल्या एपिसोडच्या शेवटी युरस जॉनवर गोळी झाडते, आणि इथे तो ठणठणीत, म्हणे बेशुद्धीची होती, एका वाक्यात विषय बंद. 221बी मध्ये, म्हणजे शेरलॉकच्या घरात, ड्रोनने बॉम्ब येतो, शेरलॉक आणि जॉन खिडकीतून स्फोटाबरोबर बाहेर उडतात, आणि पुढच्या सीनला ओरखडा नाही. शेवटी जॉन विहिरीत, पाय साखळीने बांधलेले, पाणी चढतंय, आणि त्याला वाचवायला वरून टाकतात काय, तर दोर! साखळीचं काय झालं?

यावरून थिअरी निघाली की इतक्या हुशार लोकांनी इतकं ढिसाळ लिहिणं शक्यच नाही, हा मुद्दाम खोटा एपिसोड आहे, आणि पुढच्या रविवारी, 22 जानेवारीला, खरा लागेल. त्या वेळी बीबीसीवर ‘अ‍ॅपल ट्री यार्ड’ नावाची नवीन मालिका सुरू होणार होती, लोकांना वाटलं हे नाव म्हणजेच पडदा आहे. ती मालिका खरी निघाली. 2013 च्या एका कादंबरीवर होती, म्हणजे नाव चार वर्षं जुनं.

ही थिअरी मानणाऱ्यांना लोकांनी फार हसून घेतलं, ते मला आवडलं नाही. त्यांनी पकडलेलं प्रत्येक भोक खरं आहे. दोर आणि साखळीचं उत्तर आजही नाही. त्यांचं चुकलं ते एकाच ठिकाणी: ‘लिखाण कच्चं आहे’ हे उत्तर त्यांनी यादीतच घेतलं नाही. आणि ते का घेतलं नाही हेही समजू शकतं, याच लेखकांनी आधी एका किंकाळीत आणि एका बॉलमध्ये अख्खं उत्तर लपवलं होतं. प्रेक्षकाला बारीक बघायची सवय त्यांनीच लावली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेली पिढीही हेच सांगेल, की वाचकाला आधी दाखवलं नसेल ते शेवटी काढायचं नाही. ‘रायकेनबाख’ने हे पाळलं. ‘फायनल प्रॉब्लेम’ने नाही.

प्र. जॉनच्या बायकोने, मेरीने, शेरलॉकला मारायलाच गोळी घातली होती ना?

माझ्या मते हो, निदान मेला तरी चालेल अशा तयारीने. शेरलॉक नंतर तिची बाजू घेतो, की तिने नेम मोजून घेतला आणि अँब्युलन्सही तिनेच बोलावली. पण ऑपरेशन टेबलावर त्याचं हृदय थांबलं होतं. इतकी मोजून मारलेली गोळी हृदय थांबवत नाही. शेरलॉक जॉनचा संसार वाचवण्यासाठी बोलतोय असं वाटतं.

प्र. जॉनला गोळी खांद्यात लागलीय, मग तो लंगडतो का?

मालिकेत सोपं आहे: गोळी खांद्यात, लंगडणं मनातलं, पहिल्याच एपिसोडमध्ये शेरलॉकच्या मागे धावताना तो काठी विसरून जातो. पण हे कुठून आलं ते बघा, कारण यात आपली मुंबई आहे. मूळ कादंबरीत डॉक्टर वॉटसन अफगाण युद्धासाठी येतो तो मुंबई बंदरात उतरतो, तिथे त्याला कळतं की आपली पलटण पुढे निघून गेली. मग तो कंदाहार गाठतो आणि मैवंदच्या लढाईत, 1880 मध्ये, खांद्यात गोळी खातो. पुढच्या कादंबरीत मात्र तीच जखम पायात! कॉनन डॉयल विसरला बहुतेक, पण वाचकांनी तसं मानायला नकार दिला आणि शंभर वर्षं थिअरी मांडल्या: दोन गोळ्या होत्या, एकच गोळी फिरून गेली, वगैरे. मॉफॅट आणि गॅटिसने दोन्ही ठेवलं, खांदा खरा आणि पाय मनाचा. मला तर हे त्या सगळ्या वाचकांना दिलेलं उत्तर वाटतं.

प्र. जॉनचं मधलं नाव हॅमिश कुठून आलं?

तेही फॅन थिअरीतूनच. एका मूळ गोष्टीत वॉटसनची बायको त्याला चक्क जेम्स म्हणते, आणि त्याचं नाव तर जॉन एच. वॉटसन. डोरोथी सेयर्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखिकेने तोडगा काढला की ‘एच’ म्हणजे हॅमिश, जे जेम्सचंच स्कॉटिश रूप आहे, म्हणून बायको लाडाने जेम्स म्हणत असेल. डॉयलने हे कुठेही लिहिलेलं नाही. आणि 2012 च्या ‘अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया’मध्ये जॉन स्वतः तोंडाने सांगतो, जॉन हॅमिश वॉटसन. वाचकाची थिअरी पडद्यावर पक्की झाली.

म्हणून कोणी म्हणालं की हे सगळं रिकामटेकड्यांचं काम आहे तर त्यांना सांगा की होम्सच्या गोष्टींतल्या विसंगती गंभीरपणे तपासायचा प्रघात 1911 पासूनचा आहे, रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश लेखकाने तेव्हा त्यावर निबंध वाचला होता. आणि मालिका बनवणारे दोघं त्याच परंपरेतले वाचक आहेत.

प्र. मूळ गोष्टींतलं असं एखादं कोडं सांगा जे मालिकेनेही सोडवलं नाही.

दोन जेम्स मॉरियार्टी. डिसेंबर 1893 मध्ये छापलेल्या गोष्टीत प्रोफेसर मॉरियार्टीच्या भावाचं नाव कर्नल जेम्स मॉरियार्टी आहे. प्रोफेसरचं पहिलं नाव तिथे येतच नाही. 1903 मध्ये होम्स परत येतो त्या गोष्टीत प्रोफेसरचंही नाव जेम्स! एका घरात दोन सख्खे भाऊ, दोघेही जेम्स? नंतर एका कादंबरीत आणखी एक भाऊ येतो, तो स्टेशनमास्तर. कोणी म्हणतं जेम्स मॉरियार्टी हे सगळं मिळून जोडआडनाव आहे, कोणी म्हणतं कर्नल भावाच्या नावाने वावरत होता, आणि काहींच्या मते प्रोफेसर कधी नव्हताच, कर्नलच दोन्ही होता. मला जोडआडनाववाली पटते, कारण तीत कोणालाच खोटं बोलावं लागत नाही आणि स्टेशनमास्तरही बसतो. शेवटच्या एपिसोडमध्ये मॉरियार्टी स्वतः आपल्या स्टेशनमास्तर भावाचा उल्लेख करतो, त्यामुळे लेखकांना हा गुंता माहीत होता हे नक्की. भावाचं नाव मात्र तो सांगत नाही.